खाली इंग्रजी असतं

मी संगणकावर पोट भरणारा माणूस आहे आणि माझ्यामुळे एका बाईचे चांगले डोळे अधू ठरले. हे मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही. आईला सांगितलं ते फार उशिरा. ऑफिसात तर मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली, चांगला हशा मिळवला आणि त्यात त्या बाईचा साधा उल्लेखही केला नाही. ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. म्हणून आता सगळं क्रमानं लिहून काढतो.

आई उस्मानपुऱ्यात, म्हणजे आमच्याच वस्तीत, घरून डबे पुरवते. वडील गेल्यावर घराच्या मागच्या दोन खोल्यांत तिनं हे काम सुरू केलं तेव्हा मी पाचवीत होतो, आणि तेव्हापासून डबे भरायला मावशी आहेत. मावशी म्हणजे नात्यानं आमच्या कुणी नव्हेत. सोयगाव तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या. नवरा वारल्यावर शहरात आल्या, आईला भेटल्या आणि आमच्याकडेच राहिल्या. स्वैपाक आईचा, डबे मावशींचे, अशी वाटणी. परीक्षांचा अभ्यास करणारी पोरं, एकटे राहणारे म्हातारे, नोकरीवाल्या बायका, असे साठेक डबे रोज जातात.

डबा भरण्यात अवघड ते काय, असं कुणालाही वाटेल. अवघड असतो तो उपवास. आमच्या गिऱ्हाइकांतल्या कुणाचा सोमवार असतो, कुणाचा मंगळवार, कुणाचा शनिवार, आणि गुरुवार तर निम्म्यांचा. उपवासवाल्यांना खिचडी नाहीतर भगर आणि दाण्याची आमटी, बाकीच्यांना पोळी-भाजी, वरण-भात. शिवाय कुणाला मीठ चालत नाही, कुणाला कांदा-लसूण. मावशींनी यासाठी स्वतःची पद्धत काढली होती. गुलमंडीच्या बाजारातल्या एका शिंप्याकडून त्या ब्लाउजच्या कापडाच्या चिंध्या आणायच्या आणि डब्यांच्या कड्यांना बांधायच्या. पांढरी सोमवारची, लाल मंगळवारची, पिवळी गुरुवारची, काळी शनिवारची. गुरुवारी पिवळी चिंधी दिसली की त्या डब्यात खिचडी पडली. इतक्या वर्षांत उपवासाचा डबा चुकला असं मी एकदाही ऐकलं नव्हतं.

एका डब्याची पांढरी चिंधी जरा लांब होती आणि तिला गाठी मारलेल्या होत्या. उस्मानपुऱ्यातच राहणाऱ्या एका बाईंनी भावाच्या आजारपणासाठी सोळा सोमवार धरले होते. सोळा सोमवार म्हणजे ओळीनं सोळा. मध्ये एक मोडला तर पुन्हा पहिल्यापासून. किती झाले ते बाईंना डब्याकडे बघूनच कळावं म्हणून मावशी दर सोमवारी त्या चिंधीला एक गाठ मारायच्या. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला ती नुसती गाठी पडलेली मळकी चिंधी दिसत होती.

मी पुण्याहून घरी आलो ते कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली म्हणून. आल्यापासून मला त्या चिंध्या बघवत नव्हत्या. तेलकट, हळदीचे डाग पडलेल्या, धुऊन धुऊन दोरे निघालेल्या. मला टापटीप लागते, आणि जे मला लागतं ते जगाला लागायलाच हवं असा माझा खाक्या आहे. आई म्हणायची, "अरे, चाललंय ना नीट?" मी म्हणायचो, "चाललंय म्हणून असंच चालवायचं का?" या वाक्यावर मी फार खूश असे.

मग मी माझा जुना लॅपटॉप पिठाच्या डब्यांवरच्या फळीवर ठेवला, त्याला चिठ्ठ्या छापणारं एक छोटं यंत्र जोडलं आणि एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे यंत्रानं एकामागून एक काय करायचं त्याची यादी. आज वार कोणता ते बघ, गिऱ्हाइकांच्या यादीत त्या वाराचा उपवास कुणाकुणाला आहे ते शोध, त्यांच्या चिठ्ठीवर 'उपवास' छाप, बाकीच्यांच्या चिठ्ठीवर 'साधा', आणि तळाशी वार टाक. 'बिनमिठाचा' वगैरे सूचना ज्याच्या त्याच्या नावापुढे कायमच्याच लिहिलेल्या होत्या. यादी सगळी मराठीत. माझ्या लॅपटॉपवर सगळंच मराठीत असतं, वारसुद्धा आणि महिनेसुद्धा. त्यावरून ऑफिसातले चिडवतात आणि मला त्याची ऐट आहे.

एका गुरुवारी पहाटे उठून मी स्वतः ती स्क्रिप्ट चालवून दाखवली. चिठ्ठ्या भराभरा बाहेर आल्या. नाव, घर, खाली 'उपवास', तळाशी 'गुरुवार'. आईनं शेजारच्या काकूंना बोलावून दाखवल्या. मावशी रात्रीच्या साक्षरता वर्गात अक्षरं शिकल्या होत्या. त्यांनी एक चिठ्ठी हातात घेतली, अक्षराखाली बोट फिरवत "उ-प-वा-स" असं वाचलं आणि म्हणाल्या, "बेस झालं की." शनिवारी पुन्हा चालवली, पुन्हा सगळं बरोबर. रविवारी डबे बंद असतात. त्या दिवशी मी कात्री घेऊन बसलो आणि साठ डब्यांच्या चिंध्या कापून एका पिशवीत भरल्या. मावशी भांडी लावत होत्या. मध्येच म्हणाल्या, "त्या लांबडीला राहू दे का, बाळा?" मी विचारलं नाही का म्हणून. "मावशी, आता चिठ्ठी आहे ना," म्हणालो आणि कापली.

रोज पहाटे उठायची माझी काही तयारी नव्हती. संगणकात एक सोय असते. ठरल्या वेळी ठरलेलं काम तो आपण होऊन करतो. सोमवारपासून रोज साडेपाचला चिठ्ठ्या छापायचं काम मी त्या सोयीवर सोपवलं आणि आठ वाजेपर्यंत झोपू लागलो. उठावं तर डबे भरून, चिठ्ठ्या चिकटवून रिक्षात चढत असत. तीन आठवडे एकही तक्रार आली नाही. मी मित्रांना सांगत सुटलो की घरचा धंदा मी मार्गी लावला.

तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी वीज गेली, पंखा थांबला आणि उकाड्यानं मला लवकर जाग आली. पाणी प्यायला मागच्या खोलीत गेलो. वीज परत आली होती. मावशी डबे भरत होत्या. चिठ्ठ्या अगोदरच डब्यांवर चिकटवलेल्या होत्या, पण मावशी चिठ्ठीकडे बघतच नव्हत्या. डब्याचा पोचा, कडीचा वाक बघून त्या डबा ओळखत होत्या आणि पाठ असल्यासारखी भगर वाढत होत्या. माझं डोकं फिरलं.

"मावशी, चिठ्ठी बघून भरायचं ठरलं होतं ना?"

"चिठ्ठी चुकती, बाळा," त्या म्हणाल्या. हातातला डाव थांबला नाही. "बिनमिठाचं बराबर येतंय. उपासाचं तेवढं येत नाय. समद्यांला साधाच म्हणती."

"असं कसं होईल? मी स्वतः चालवून बघितलंय."

"तू चालवली तवा बराबर व्हती. रोजची चुकती."

आता हे वाचणारा कुणी माझ्या धंद्यातला असेल तर त्यानं इथं थांबावं. हातानं चालवलं की बरोबर, वेळापत्रकावर लावलं की चूक. पुण्याच्या ऑफिसात नवी मुलं नेमकी हीच तक्रार घेऊन माझ्याकडे येतात आणि मी त्यांना ऐटीत सांगतो की आधी अंदाज बांधू नका, यंत्रानं त्या वेळी खरोखर काय छापलं ते आणून दाखवा. अख्ख्या टीममध्ये हे माझं ठरलेलं वाक्य आहे. मावशींनी मला तक्रार तर सांगितलीच, शिवाय काय येतं आणि काय येत नाही तेही वेगळं काढून सांगितलं. आमची मुलं इतकं नीट सांगत नाहीत.

आणि मी काय केलं? फळीवरचा लॅपटॉप उघडला, तिथल्या तिथं स्क्रिप्ट हातानं चालवली. चिठ्ठी आली. 'उपवास', तळाशी 'शनिवार'. ती मी मावशींच्या पुढं धरली.

मावशींनी हात पदराला पुसले, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. "ही येगळी हाय," त्या म्हणाल्या. "रोजच्या चिठ्ठीवर खाली इंग्रजी असतं. हिच्यावर मराठी हाय."

"मावशी," मी म्हणालो, "तुम्हाला इंग्रजी वाचता येतं का?"

त्या म्हणाल्या, "नाय."

पहाटेच्या चिठ्ठ्या समोरच्याच डब्यांवर होत्या. हात लांब करायचा अवकाश होता. एक डबा माझ्याकडे वळवून मी बघितला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मला बघायचंच नव्हतं, मला फक्त बरोबर असायचं होतं. शेगडीपाशी उभ्या आईनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "मावशी, तो म्हणतो तसं करा. त्यातलं त्याला कळतं."

"बरं," मावशी म्हणाल्या. "चिठ्ठीवर जसं आसंल तसंच भरीन."

सोमवारी त्यांनी तसंच भरलं.

दुपारी डबे वाटून रिक्षावाले चाचा परत आले ते दारातूनच बोलत. "अम्मा, लोगां बहुत चिल्लारे आज. उपास का डब्बा कायकू नै दिये बोलके." तोवर आईचा फोनही वाजायला लागला होता. सोमवारच्या एकाही माणसाला उपवासाचा डबा गेला नव्हता. खिचडीचं पातेलं ओट्यावर झाकलेलं होतं; सकाळच्या घाईत आईनं ते उघडून बघितलं नव्हतं, आता भरलेलं तसंच निघालं. शेवटचा फोन सोळा सोमवारवाल्या बाईंचा. त्यांनी डबा उघडून तसाच बंद केला होता आणि दिवसभर पाण्यावर राहणार होत्या. त्या चिडल्या नाहीत, आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "आज मावशी नाहीत का? बऱ्या आहेत ना?"

मावशी तिथंच भिंतीला टेकून बसल्या होत्या.

मी पुन्हा तेच केलं. लॅपटॉप उघडला, स्क्रिप्ट चालवली, 'उपवास', 'सोमवार'. ती चिठ्ठी आईपुढं ठेवली, मावशींपुढं ठेवली. म्हणालो, "हे बघा, मशीन बरोबर सांगतंय."

"म्या साधाच वाचलं," मावशी म्हणाल्या. "अक्षराला बोट लावून वाचलं."

मावशींनी चिठ्ठी पुन्हा उचलली, खिडकीकडे नेली, उजेडात धरली, खाली ठेवली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांचं मागच्या वर्षी झालं होतं. "मंग माझं डोळंच गेलं म्हणायचं," त्या म्हणाल्या. आणि मी, ज्याला डोळ्यांतलं ओ का ठो कळत नाही, त्यानं समंजस आवाज काढून सांगितलं, "दुसऱ्याचाही पिकला असेल, मावशी. दाखवून घ्या एकदा." त्या आवाजाची मला आज सगळ्यांत जास्त लाज वाटते.

संध्याकाळी मावशींनी आईला सांगितलं की लेकीकडे सोयगावला जाते. "दिसंना झाल्यावर डबे कसे भरू? कुणाच्या पोटात भलतंच जायचं." आईनं थांबवायचा प्रयत्न केला, पण तिच्या शब्दांत जोर नव्हता. तिला मुलगाही हवा होता आणि मावशीही. सकाळच्या साडेसहाच्या बसनं मावशी जाणार होत्या. पहाटे पाचलाच त्या पिशवी घेऊन बाहेर पडल्या. मी झोपलो होतो.

त्या मंगळवारी डबे भरायला मावशी नव्हत्या म्हणून आईनं मला साडेपाचला उठवलं. डोळे चोळत मी यंत्रापाशी गेलो. चिठ्ठ्यांची पट्टी गरम गरम बाहेर येत होती. ठरल्या वेळी छापलेली चिठ्ठी मी पहिल्यांदाच हातात घेतली. पहिली: 'साधा'. दुसरी: 'साधा'. मंगळवारचे उपवासवाले मलाही चार-पाच माहीत होते. त्यांच्या चिठ्ठ्या शोधल्या. 'साधा'. आणि प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी, बारीक अक्षरात, इंग्रजीत 'ट्यूसडे'. शेजारी फळीवर कालची, मी हातानं काढलेली चिठ्ठी पडली होती. तिच्यावर 'सोमवार'.

खाली इंग्रजी असतं.

समजायला मला एक क्षणही लागला नाही. मी बसून स्क्रिप्ट चालवतो तेव्हा माझ्या सगळ्या आवडीनिवडी तिच्या पाठीशी असतात, मराठीसुद्धा. वेळापत्रकावर ती एकटी चालते तेव्हा माझं काहीच तिच्याबरोबर नसतं. संगणक स्वतःच्या मूळच्या भाषेत वार विचारतो, तो इंग्रजीत येतो, आणि तो इंग्रजी वार मराठी यादीत शोधला तर कुणीच सापडत नाही. कुणी सापडलं नाही म्हणजे कुणालाच उपवास नाही. यंत्राच्या लेखी यात चूक काहीच नव्हती, म्हणून त्यानं कुरकुरही केली नाही. पहिल्या सोमवारपासून प्रत्येक चिठ्ठी अशीच निघत होती. तीन आठवडे तक्रार आली नाही ती मावशी चिठ्ठीला न जुमानता डबे भरत होत्या म्हणून. अक्षराला बोट लावून वाचणारी बाई रोज चिठ्ठी वाचत होती, आणि ज्यानं ती छापायला लावली त्यानं एकदाही वाचली नव्हती.

तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सहाला दहा कमी होती. बसस्टँड आमच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. बस साडेसहाची. मी जाऊ शकत होतो. हे मी तेव्हाही मनात मोजलं होतं, आता सोयीसाठी विसरलो म्हणणार नाही. मी स्टूल ओढलं, लॅपटॉप उघडला आणि स्क्रिप्ट दुरुस्त करायला बसलो. मराठी वापर, असं सांगणारी एक ओळ सुरुवातीला घालायची होती. तपासून बघायला पाच मिनिटांनंतरची वेळ लावली आणि हात न लावता वाट बघितली. चिठ्ठ्या आल्या. 'उपवास'. 'मंगळवार'.

"आल्या का बरोबर?" आईनं विचारलं.

"हो," मी म्हणालो. "थोडं सेटिंग बदललं."

यापलीकडे मी बोललो नाही. एक दिवस नाही, दोन नाही, चांगले अकरा दिवस. रोज ठरवायचो की आज सांगू. मग वाटायचं, मावशी लेकीकडे आहेत, आराम मिळतोय, वय झालंच आहे. त्याच आठवड्यात ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये एका मुलीनं नेमका असाच घोळ मांडला. मी तिला खुलासा करून सांगितला आणि वर माझा किस्सा जोडला, माझ्या ऐटीतल्या मराठीनं आमच्या गिऱ्हाइकांचा उपवास कसा मोडायला घेतला होता तो. सगळे हसले. मीही हसलो. मीटिंग संपल्यावर स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आई फोनवर बराच वेळ बोलत होती. मावशींच्या लेकीचा फोन. बोलणं झाल्यावर आई माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "मावशी चुलीपाशी जातच नाहीत म्हणे. डब्यात मीठ आहे की साखर, तेसुद्धा लेकीला विचारून घेतात. डॉक्टरला दाखवलं तर तो म्हणाला, डोळा ठीक आहे. तर म्हणतात, डॉक्टरला काय कळतं, पोरानं मशीनवर दाखवलं मला."

पोरानं मशीनवर दाखवलं. त्यावर मात्र माझा धीर सुटला. मी आईला सगळं सांगितलं, स्कूटर आणि दहा मिनिटंसुद्धा. आई रागावेल असं वाटलं होतं, रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं हातातला फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "चिठ्ठी मीही ओझरती बघायचे. इंग्रजी दिसायचं खाली. मला वाटलं, तूच तसं केलंस." आणि उठता उठता, "सकाळी जा."

रविवारी पहिल्या गाडीनं गेलो. बरोबर दोन चिठ्ठ्या घेतल्या, मंगळवारची आणि मी काढलेली सोमवारची. कापलेल्या चिंध्यांची पिशवी कपाटामागं पडली होती, तीही घेतली. वाटेत मी काय बोलायचं ते घोकत होतो. यंत्रात गडबड होती, भाषेच्या सेटिंगचा प्रश्न होता, वगैरे. सगळ्या वाक्यांत मी कुठंच नव्हतो.

मावशींच्या लेकीचं घर बाजाराच्या मागं. दार उघडंच होतं. मावशी स्वैपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या, हातात काचेची बरणी. बरणी पारदर्शक होती, आत काय आहे ते मला दारातून दिसत होतं. त्या लेकीला विचारत होत्या, "साखरच हाय ना गं ही?"

मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "आरं, बाळ आला! यवढ्या लांब कामून आला? आई बरी हाय ना?"

मी चिठ्ठ्या काढल्या, जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि सुरू केलं, "मावशी, ते मशीनमध्ये जरा..." लेक कमरेवर हात देऊन उभी होती. माझ्याहून थोडी मोठी. तिनं मध्येच तोडलं.

"मशीनचं ऱ्हाऊ द्या. आयचे डोळे कसे हाइत ते सांगा."

"चांगले आहेत," मी म्हणालो. "मावशींनी वाचलं ते बरोबर होतं. चिठ्ठीवर साधाच लिहिलेलं होतं. चूक माझी होती. त्यांनी मला सांगितलं होतं खाली इंग्रजी असतं म्हणून. मी ऐकलं नाही."

"तुमी चिठ्ठी बघितली नव्हती?"

"नव्हती."

"एकदाबी?"

"एकदाही नाही."

"आन् कळलं कवा तुमाला?"

हे विचारेल असं मी धरलं नव्हतं. खोटं बोलायची शेवटची संधी होती आणि ती डोळ्यांपुढून गेलीही. "मावशी निघाल्या त्याच सकाळी," मी म्हणालो. "बस सुटायच्या आधी."

लेकीनं मग मला जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. अकरा दिवस तिची आई पोळीला तूप लावायला भीत होती, नातवाला औषध द्यायला भीत होती, आणि मी तिकडे झोपत होतो. मी मान खाली घालून बसलो. मावशींनी तोवर माझ्या हातातली पिशवी घेतली होती. त्यात हात घालून त्यांनी ती लांब पांढरी चिंधी काढली, मांडीवर सरळ केली, गाठींवरून बोट फिरवलं. "नऊ," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग शांतपणे पुढची गाठ मारली. मग आणखी एक. लेक बोलत होती आणि मावशी गाठी मारत होत्या. पाच मारल्या. मी ती कापल्यापासून पाच सोमवार झाले होते, त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. चिंधी माझ्या हातात देत म्हणाल्या, "चौदा झाले. उद्याचा पंधरावा. त्या बाईच्या डब्याला बांध."

मग लेकीकडे वळून, "बास कर आता. ल्हान हाय त्यो."

मी चौतीस वर्षांचा आहे. मावशी गुडघ्यावर हात देऊन उठल्या, स्वैपाकघरात गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज आला. लेक त्यांच्यामागं जायला निघाली आणि उंबऱ्यातच थांबली. तिच्या खांद्यावरून मला दिसत होतं. फळीवर दोन बरण्या होत्या. मावशींनी एक उचलली, उजेडाकडे वळवली आणि क्षणभर बघितली. लेकीकडे त्यांनी मान वळवली नाही. झाकण काढलं आणि दोन चमचे पातेल्यात टाकले.

चहा गोड होता. मी तो खाली बघतच प्यायलो. उस्मानपुऱ्याला परत येणार का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.